तीन काडतुसं आणि तहसीलदाराची बंदूक

सोयाबीन शेंगाला आलं की आपल्याकडं रात्रीची जागल सुरू होते. डुकरांचा कळप एकदा शिरला की तासाभरात अर्ध्या एकराचा चिखल करून जातो. रब्बीत हरभऱ्यावर रोही पडतात, हरणं पडतात. किनवट-माहूरकडं निदान जंगल तरी आहे. लातूर जिल्ह्यात जंगल नावालाच, तरी डुकरं उसाच्या फडात सुखानं नांदतात. मग पारावर बोलणं निघतं ते ठरलेलंच. एक बंदूक असती तर! कुणी म्हणतो परवाना काढू, कुणी म्हणतो परवाना कशाला, ठासणीची मिळते की कुठंतरी.

अशा वेळी ज्याचं सगळं आयुष्य बंदुकीसोबत गेलं त्या माणसाची गोष्ट ऐकायला हरकत नाही. जिम कॉर्बेट हे नाव तुम्ही ऐकलेलं असेल. नरभक्षक वाघ मारणारा साहेब म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि त्याच्या शिकारकथांची मराठी पुस्तकं आपल्या वाचनालयांत आहेत. पण वाघ बाजूला ठेवून त्याच्या खिशातल्या काडतुसांकडं पाहिलं, तर तुमच्या-माझ्या कामाचं बरंच सापडतं.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, कुमाऊंतल्या नैनितालचा. बाप तिथला पोस्टमास्तर. घरात मुलांचं खटलं मोठं, जिम आठवा. तो सहा वर्षांचा होईतो बाप वारला. हिवाळ्यात हे कुटुंब डोंगराखाली कालाढुंगीला येऊन राही. घराला लागूनच जंगल. पोरगा आधी गलोल, मग गुलेल घेऊन त्यात हिंडायचा. पाखरांच्या हाका त्याला पाठ झाल्या.

पहिली बंदूक मिळाली ती एका नातेवाइकाकडून. त्याला पाखरांचे नमुने हवे होते म्हणून त्यानं आपली जुनी ठासणीची दुनळी पोराला दिली. या बंदुकीची उजवी नळी फुटलेली होती. कुणीतरी एकदा तिच्यात दारू जास्त ठासली होती, त्या बारानं नळी गेली आणि दस्ताही तडकला. दस्ता पितळी तारेनं गुंडाळून बांधलेला. राहिलेल्या डाव्या नळीवर जिम शिकला.

ठासणीची बंदूक ज्यांनी हाताळली आहे अशी म्हातारी माणसं आता थोडी उरली. तिच्यात प्रत्येक बार हातानं भरावा लागतो. आधी मापानं दारू, वर बोळा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा, गजानं ठासायचं आणि शेवटी टोपी बसवायची. दारूचं माप चुकलं, बोळा ढिला राहिला, दारू ओलसर असली की बार लांब जात नाही, नाहीतर तोंडावर येतो. त्या फुटक्या नळीकडं रोज बघत शिकलेल्या पोराला माप म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागलं नसेल. आणि बार एकच. तो वाया गेला की पुन्हा सगळा उपद्व्याप करेपर्यंत पाखरू कुठल्या कुठं.

दहा वर्षांचा असताना शाळेच्या कॅडेट तुकडीत त्याच्या हाती लष्करी मार्टिनी रायफल आली. ही एकबारी असते आणि तिची शिशाची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे आपल्या सोनाराच्या हिशेबानं दोन तोळे आठ मासे. खांद्याला असा दणका बसायचा की मोठी माणसंही तोंड वाकडं करत. नेमबाजीच्या वेळी पोरगं घाबरलेलं बघून सार्जंट-मेजरनं त्याला हळूच सांगितलं की घाई करू नको. नेम चांगला बसला. पुढं त्याच सार्जंट-मेजरनं स्वयंसेवक पलटणीची ती रायफल पोराला जंगलात न्यायला दिली. काडतुसंही दिली. अट दोनच. रायफल साफ ठेवायची आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत आणायच्या.

गावात परवान्याची बंदूक असेल तर पोलीस पाटलांनी ही दुसरी अट ध्यानात घ्यावी. पुंगळी परत द्यायची म्हटलं की किती बार झाले आणि त्यांत किती लागले याचा हिशेब आपोआप राहतो. जिमनं आपला पहिला बिबट्या याच रायफलीनं मारला.

नोकरीचा भाग थोडक्यात सांगतो. विशीच्या आतच तो रेल्वेत लागला, आधी सरपणाच्या कामावर आणि मग बिहारात मोकामा घाटावर. तिथं गंगेच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या रुळांच्या गाड्या, त्यामुळं सगळा माल हमालांकडून इकडचा तिकडं करावा लागे. कुर्डुवाडीला छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत किंवा मनमाडला मीटरगेजमधून ब्रॉडगेजमध्ये माल चढवलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना हे काम काय होतं ते कळेल. जिम मजुरांच्या बरोबर स्वतः राबायचा. वीस वर्षांहून जास्त काळ त्यानं हे केलं आणि रजा मिळाली की कुमाऊंत जायचा. पहिल्या महायुद्धात पाचशे कुमाऊंनी माणसांची मजूर तुकडी घेऊन तो फ्रान्सला गेला आणि एक सोडून सगळे परत आणले.

आता १९०७ सालाकडं येऊ. चंपावत भागात एका वाघिणीनं कहर केला होता. आधी नेपाळात दोनशे माणसं खाऊन ती कुमाऊंत आली होती. एकूण आकडा ४३६ वर गेला. गावांची दारं दिवसा उघडत नव्हती, शेतं तशीच पडली होती. कॉर्बेटला बोलावलं तेव्हा त्यानं सरकारला दोन अटी घातल्या. बक्षीस मागं घ्यायचं आणि त्या भागातले बाकीचे शिकारी व शिपाई काढून घ्यायचे. पैशासाठी मारणारा म्हणून त्याला ओळख नको होती. आणि जंगलात पन्नास बंदुका फिरत असल्या तर वाघाआधी आपणच गोळी खाऊ, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याच्या हातात अर्धा इंच तोंडाची दुनळी एक्सप्रेस रायफल होती. इथं जरा दारूबद्दल सांगणं भाग आहे. ही जातच मुळात काळ्या दारूची, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाची. पुढं कॉर्डाइट ही बिनधुराची दारू निघाली. ती दोऱ्यासारख्या तारांच्या रूपात असते आणि जोर कितीतरी जास्त. पण काळ्या दारूसाठी बनवलेल्या नळीत पूर्ण जोराचं कॉर्डाइटचं काडतूस घातलं तर तिचं त्या ठासणीच्या उजव्या नळीसारखं होईल. म्हणून कारखानदारांनी मधला मार्ग काढला. दारू कॉर्डाइटचीच, पण बेतानं भरलेली, म्हणजे दाब जुन्या नळीला झेपेल असा. याला सुधारित कॉर्डाइट म्हणत. कॉर्बेटची काडतुसं ही होती.

अशी काडतुसं त्यानं बरोबर किती घेतली? तीन. त्याचा हिशेब असा, की वाघिणीवर फार तर दोन बार टाकायला मिळतील आणि तिसरा अडीअडचणीला.

हाकारा उठवण्याचं काम चंपावतच्या तहसीलदारानं अंगावर घेतलं. गावकरी इतके भेदरलेले की घराबाहेर पडेनात. तेव्हा या माणसानं असं कळवलं म्हणे, की त्या दिवशी कुणाच्या हातात बिनपरवाना बंदूक दिसली तर आपण तिकडं बघणार नाही, आणि दारूगोळा लागला तर तोही देऊ. तहसील कार्यालयात बसणाऱ्या वाचकांना हे वाचून हसू येईल किंवा घाम फुटेल. मी त्या तहसीलदाराचं समर्थन करत नाही. पण ४३६ जीव गेल्यावर आणि कुणी उंबरा ओलांडत नसताना त्याच्या जागी आपण काय केलं असतं, हा प्रश्न सोपा नाही. दुसऱ्या दिवशी २९८ माणसं जमली आणि घराघरांतून निघालेल्या बंदुका पाहून एखादं संग्रहालय भरलं असतं.

हाकारेकरी डोंगराच्या धारेवर उभे राहिले. कॉर्बेट आणि तहसीलदार दरीच्या दुसऱ्या अंगाला. वाघीण निघाली, पण मागं वळून झाडीत शिरू लागली. कॉर्बेटनं घाईत लांबून एक बार टाकला. तो वाया गेला. धारेवरच्या लोकांना मात्र वाटलं वाघीण मेली, आणि त्यांनी आनंदानं सगळ्या बंदुका एकदम उडवल्या. त्या आवाजानं वाघीण उलटून कॉर्बेटच्या दिशेनं आली. दुसरा बार लागला, पण जरा मागं. तिसरा तीस यार्डांच्या आत खांद्यावर बसला. वाघीण हादरली, पण पडली नाही. आणि साहेबाची रायफल रिकामी.

तो धावत तहसीलदाराकडं गेला, त्याच्या हातातली बंदूक ओढून घेतली आणि परत वाघिणीसमोर आला. वीस फुटांवरून तिच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या बंदुकीच्या नळ्या आणि मागची बाजू यांच्यात भली मोठी फट आहे. बार उडाला तर आपलाच चेहरा जाऊ शकतो. तरी त्यानं चाप ओढला. त्या मोडक्या बंदुकीची जड गोळी जबड्याला सोडून पुढच्या पंजात जाऊन बसली, तीही इतकी वरवर की नंतर नखानं उकरून काढता आली. वाघीण आधीच्या दोन गोळ्यांनी संपत आली होती म्हणून तेवढ्या धक्क्यानं ती पडली.

गोष्टीत हा प्रसंग शौर्याचा म्हणून सांगतात. तो आहेच. पण आपण शेतकरी म्हणून दुसरंही बघावं. तीनशे माणसं होती आणि त्यांच्यात कितीतरी बंदुका होत्या. त्यांच्या बारांनी वाघीण मेली नाही, उलट सैरावैरा झाली. तिला संपवलं ते दोन नीट भरलेल्या, त्या रायफलीला जुळणाऱ्या गोळ्यांनी. तहसीलदाराच्या बंदुकीची गोळी वीस फुटांवरून हातभर चुकली.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं पुढं आहे. वाघिणीचं तोंड उघडून पाहिलं तर उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. जुन्या बंदुकीच्या जखमेनं. त्यामुळं तिला नेहमीची शिकार धरता येईना आणि ती माणसावर आली. म्हणजे कधीतरी कुणीतरी एक बार टाकला, तो नीट बसला नाही, वाघीण निसटली, तो माणूस घरी जाऊन जेवून झोपला. त्या एका बाराचा हिशेब ४३६ घरांनी चुकवला. सगळेच नरभक्षक असे झाले नव्हते. मुक्तेसरच्या वाघिणीच्या अंगात साळिंदराचे काटे रुतले होते आणि एक डोळा गेला होता. पण जखम हे कारण कॉर्बेटला पुन्हा पुन्हा सापडत गेलं.

पुढं नैनितालच्या दरबारात प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी तहसीलदाराला एक बंदूक बक्षीस दिली. त्या फटीच्या बंदुकीतून त्याची सुटका झाली असं समजायला हरकत नाही. कॉर्बेटला मिळाली ती लंडनच्या रिग्बी कंपनीची पॉइंट २७५ रायफल. तिच्या दस्त्यावर चंपावतच्या वाघिणीची नोंद असलेली चांदीची पट्टी होती.

ही रायफल समजून घेण्यासारखी आहे. तिचं काडतूस मूळ जर्मनीच्या माउझरचं, सात मिलिमीटरचं. रिग्बीनं १४० ग्रेनची हलकी टोकदार गोळी घालून ते विकलं. म्हणजे गोळी सव्वानऊ माशांची, तोळाभरही नाही. मार्टिनीच्या गोळीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. तेव्हाचे बडे शिकारी अशा गोळीला नाक मुरडत. तो काळ मोठ्या काडतुसांचा होता. १९१२ साली हॉलंड अँड हॉलंड कंपनीनं पॉइंट ३७५ मॅग्नम काढलं. मॅग्नम म्हणजे साध्या भाषेत त्याच तोंडाच्या नळीला जास्त दारूची पुंगळी. त्यात तीनशे ग्रेनपर्यंतच्या गोळ्या येत. हे काडतूस उत्तम निघालं, आजही जगभर चालतं. पण जोराच्या मागं लागून खांद्याला दणका सोसवेना, चाप ओढताना डोळे मिटले जायचे आणि गोळी भलतीकडं, असे शिकारीही काही कमी नव्हते. हलक्या रिग्बीला दणका कमी, नेम सरळ. मऊ टोकाची गोळी आत गेल्यावर पसरते. ती योग्य जागी बसली तर सव्वानऊ मासे पुरतात, नाही बसली तर अडीच तोळेही पुरत नाहीत.

जड कामाला कॉर्बेटकडं जेफरी कंपनीची ४५०/४०० दुनळीही होती. चारशे ग्रेनची गोळी, सव्वादोन तोळ्यांची. हिचं काडतूस १९०२ चं आणि त्यामागची अडचण तुम्हाला पटेल अशी आहे. कॉर्डाइटला उन्हाची बाधा होते. दारू तापली की दाब वाढतो. जुन्या लांब पुंगळ्या हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात बार झाल्यावर नळीत फुगून अडकून बसत. समोर वाघ आणि पुंगळी निघेना! जेफरीनं पुंगळी आखूड आणि मजबूत केली, दाब उतरवला. काही कारखाने तर गरम मुलखासाठी दारू जरा कमी भरलेली वेगळी काडतुसं बनवत. नांदेडच्या मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या काडतुसाचं काय होत असेल याचा विचार करा.

दुनळी रायफलीची आणखी एक गंमत. तिच्या दोन्ही नळ्या कारखान्यात एका ठरावीक काडतुसावर जुळवलेल्या असतात, म्हणजे ठरलेल्या अंतरावर दोन्ही गोळ्या एकाच जागी पडतात. गोळीचं वजन बदललं, दारू बदलली, की एक गोळी डावीकडं आणि दुसरी उजवीकडं. रायफल तीच, नेमबाज तोच, पण काडतूस परकं. म्हणून जाणते शिकारी एकाच बनावटीची, एकाच खेपेची काडतुसं धरून ठेवत आणि नवी खेप आली की जंगलात जाण्याआधी कागदावर चार-पाच बार टाकून बघत. परदेशांत कायद्याच्या चौकटीत स्वतः काडतुसं भरणारे हौशी लोक आहेत. तेही हेच करतात. पुंगळी एकाच जातीची, दारू काट्यावर तोलून, गोळी सारख्याच खोलीवर बसवून, एका वेळी एकच गोष्ट बदलून कागदावर परीक्षा घ्यायची. पेरणी यंत्राला बियाण्याचं माप लावताना आपण वेगळं काय करतो?

१९१८ ते १९२६ या काळात रुद्रप्रयागच्या बिबट्यानं केदार-बद्रीच्या वाटेवर १२५ माणसं खाल्ली. त्याला मारायला कॉर्बेटनं महिने घालवले आणि शेवटी मे १९२६ मध्ये आंब्याच्या झाडावर बसून रात्री बॅटरीच्या उजेडात एकाच गोळीत काम झालं. १९३० साली चौगडची वाघीण त्याला अचानक आठ फुटांवर दिसली. एका हातात पाखराची अंडी, दुसऱ्या हातात रायफल. त्यानं रायफल इंच-इंच वळवत एका हातानं बार टाकला. घाई करू नको हे सार्जंट-मेजरचं सांगणं पंचेचाळीस वर्षांनी कामी आलं. पण याच चौगडच्या मोहिमेत आधी वाघीण समजून तिचं मोठं झालेलं पिल्लू त्याच्या हातून मारलं गेलं होतं, आणि चूक त्यानं लपवली नाही. त्याच वर्षी पवळगडचा भला मोठा वाघ त्यानं मारला. तो वाघ नरभक्षक नव्हता. ती निव्वळ हौस होती आणि माझ्या मते ती त्याला शोभली नाही. पुढं बंदुकीपेक्षा कॅमेरा त्याच्या हातात जास्त दिसू लागला. १९३६ साली झालेल्या अभयारण्याच्या कामात त्याचा हात होता. त्या जंगलाला आज त्याचंच नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात तो आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाला, छिंदवाड्याला, सैनिकांना जंगलात कसं वावरावं ते शिकवत होता. त्याचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९४४ साली मुंबईतून निघालं.

आता शेतीचं. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी नावाचं पडीक गाव त्यानं विकत घेऊन वसवलं, कुळं आणली. डुकरं आणि हरणं तिथंही होती, आपल्यापेक्षा किती तरी जास्त. देशातला नावाजलेला नेमबाज गावचा मालक. त्यानं ठरवलं असतं तर रोज रात्री दहा डुकरं मारली असती. त्यानं काय केलं? गावाभोवती काही मैल लांबीची दगडी भिंत घातली. १९२५ साली ती पुरी झाली आणि पिकं वाचली. बंदूक दिली ती एक, एकनळी, गावातल्या एका शेतकऱ्याच्या हाती, सगळ्या गावाच्या राखणीसाठी. ती बंदूक पुढं त्या गावानं जपून ठेवली.

आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणं डुक्कर काय, रोही काय, वन खात्याच्या परवानगीवाचून मारता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणं घरी बंदूक बनवणं आणि बिनपरवाना काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे. नुकसान झालं तर पंचनामा करून वन खात्याकडं भरपाई मागता येते. तलाठी, ग्रामसेवकांनी त्यासाठी वेळेवर शेतावर यावं ही शेतकऱ्यांची रास्त मागणी आहे. पण चोरून आणलेल्या ठासणीच्या बंदुकीत अंदाजानं दारू भरून अंधारात डुकरावर टाकलेला बार फारच वाईट. जखमी डुक्कर उसात शिरतं आणि सकाळी पाणी द्यायला कोण जातं? बहुतेक वेळा ज्यानं बार टाकला तो नाही, सालगडी जातो.

१९४७ साली कॉर्बेट बहीण मॅगीसह केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथं वारला. त्याची रिग्बी रायफल फिरत फिरत पुन्हा ती बनवणाऱ्या कंपनीकडं गेली आणि २०१६ साली कुमाऊंत लोकांना दाखवायला आणली होती. छोटी हल्द्वानीच्या जमिनी त्यानं कुळांनाच दिल्या. केनियात गेल्यावरही त्या गावाचा शेतसारा तो आपल्या पैशातून भरत राहिला.